पहिलं ताट लागण्याआधी

चालत्या हॉटेलात नवा पोरगा कामाला लागला, की त्याला शिकवायला कुणी मुद्दाम बसत नाही. तो आठवडाभर टेबलं पुसतो, पाणी ठेवतो, जुन्या वेटरच्या मागेमागे फिरतो आणि बघून बघून तयार होतो. मुंबईतली उडुपी हॉटेलं पिढ्यान्‌पिढ्या अशीच चालली. गावाकडून आलेला मुलगा भांडी घासण्यापासून सुरुवात करायचा, मग हातात फडकं यायचं, मग ताट, आणि नेटाने टिकला तर एखादे दिवशी तो गल्ल्यावर बसायचा. या पद्धतीत वाईटही पुष्कळ होतं. मुलं फार कोवळ्या वयाची असत. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात आणि ढाब्यावर कामाला ठेवायला बंदी आली ती थेट १० ऑक्टोबर २००६ पासून. पण शिकण्याच्या दृष्टीने या पद्धतीत एक गोष्ट भक्कम होती. नवा एक असायचा आणि त्याच्या भोवती जाणते दहा असायचे.

नवं रेस्टॉरंट उघडताना हे सगळं उलटं होतं. सगळेच नवे. आचारी एका हॉटेलातून आलेला, कॅप्टन दुसऱ्या, दोन वेटर अनुभवी, चार अगदी कोरे. मेनू नवा, भटारखाना नवा, ताटं कुठल्या फळीवर आहेत हेही अजून कुणाच्या हाताला ठाऊक नाही. बघून शिकायचं तर कुणाकडे बघून? साखळी हॉटेलांनी यावर उपाय काढला आहे. मॅकडोनल्ड्सने १९६१ साली अमेरिकेत, इलिनॉयमधल्या आपल्याच एका रेस्टॉरंटच्या तळघरात प्रशिक्षण केंद्र सुरू केलं आणि त्याला ‘हॅम्बर्गर युनिव्हर्सिटी’ असं नाव दिलं. अशा साखळ्यांची नवी शाखा उघडते तेव्हा जुन्या शाखेतली तयार माणसं तिथे जाऊन पहिले काही आठवडे नव्यांच्या शेजारी उभी राहतात. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात आपलं पहिलंवहिलं हॉटेल काढणाऱ्याला ही सोय नसते. त्याला जाणते दहा आणायचे कुठून, तर जे कोरे आहेत त्यांनाच दोन-तीन आठवड्यांत जाणतं करावं लागतं.

हे कसं करायचं, याबद्दल माझं एक ठाम मत आहे. नव्या हॉटेलात पहिल्या संध्याकाळी जे बिघडतं, ते सहसा कुणा एकट्याचं काम नसतं. आचाऱ्याला भाजी येते, वेटरला ताट धरता येतं. बिघडतं ते एकाच्या हातातलं काम दुसऱ्याच्या हातात जातं त्या जागी. आणि प्रशिक्षणात नेमकी हीच जागा सुटते, कारण शिकवणारा भटारखान्याला वेगळं बसवतो आणि बाहेरच्यांना वेगळं.

आजच्या भटारखान्याची मांडणीच अशी आहे की असे सांधे टळत नाहीत. सेझार रिट्झ आणि ओग्युस्त एस्कॉफिए ही जोडी १८९० साली लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आली. तिथे एस्कॉफिएने भटारखान्याचे विभाग पाडले. सॉस एकाकडे, भाजायचे पदार्थ दुसऱ्याकडे, मासे तिसऱ्याकडे, गोड चौथ्याकडे. एकाच बशीतल्या तीन गोष्टी तीन हातांनी एकाच वेळी होऊ लागल्या आणि वेळ वाचला. पण तीन हातांचं काम एका क्षणी एका बशीत यायचं, तर ऑर्डर वाचून मोठ्याने हाका देणारा एक माणूस लागतो. त्या व्यवस्थेत तो होता. आपल्याकडे विभाग आले, तंदूर वेगळा झाला, चायनीज वेगळं झालं, पण हाका देणाऱ्याची नेमणूक करायचं पुष्कळ मालक विसरतात. ‘आचारी बघेल,’ असं म्हणतात, आणि आचाऱ्याचं तोंड शेगडीकडे असतं.

साठ माणसं बसतील असं एक मराठी जेवणाचं रेस्टॉरंट डोळ्यासमोर आणू. सात नंबरच्या टेबलावर चौघे बसले आहेत. ऑर्डर आहे एक पिठलं-भाकरी, एक भरली वांगी, दोन थालीपीठं आणि तीन सोलकढी. वेटरने मशीनवर ऑर्डर टाकली, आतल्या प्रिंटरमधून केओटीची चिठ्ठी बाहेर आली. इथून पुढे काय होतं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे.

चिठ्ठी बहुधा इंग्रजीत छापलेली असते. भाकरीच्या तव्यावर बसलेल्या मावशींचा हात असा की भाकरी टम्म फुगते, पण त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. म्हणजे चिठ्ठी त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नसते, कुणीतरी ओरडून सांगेपर्यंत. थालीपीठ मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस व्हायला वेळ घेतं. पिठलं पातेल्यात तयार असतं, पण वाटीत काढलं की बेसनाची घट्ट होण्याची क्रिया थांबत नाही आणि थोड्या वेळात वर साय धरते. तव्यावरून उतरलेली भाकरी तेवढ्याच वेळात चिवट व्हायला लागते. सोलकढी आधी भरून ठेवली तर नारळाचं दूध वर आणि पाणी खाली राहतं. तेव्हा या ऑर्डरीत आधी थालीपीठ तव्यावर पडलं पाहिजे, ते उलटलं की मावशींना भाकरीची हाक गेली पाहिजे, भाकरी फुगली की पिठलं वाटीत आलं पाहिजे, आणि सोलकढी वेटरने उचलण्याच्या क्षणी ढवळून ओतली पाहिजे. हा क्रम कुठल्याही चिठ्ठीवर छापलेला नसतो. तो माणसांच्या डोक्यात बसवावा लागतो, आणि त्यासाठी तीच ऑर्डर पुन्हा पुन्हा, खऱ्या शेगडीवर, खऱ्या माणसांनी काढून बघावी लागते. माझ्या मते प्रशिक्षणाचा निम्मा वेळ यातच जायला हवा.

याच सरावात हाका देणारा कोण, ते ठरतं. तो आत आणि बाहेर यांच्यामधल्या खिडकीशी, म्हणजे पासवर, उभा राहतो. त्याने हाक दिली की ज्याचं काम त्याने उलट ‘हो, दोन थालीपीठ’ असं मोठ्याने म्हणायचं. ही उलट हाक नव्या पोरांना सुरुवातीला अवघड वाटते, ती लाजतात. पण पंख्याच्या, भांड्यांच्या आणि फोडणीच्या आवाजात गेलेली हाक ऐकली गेली की नाही, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. पदार्थ संपला तरी तेच. भरली वांगी संपली हे आचाऱ्याला कळतं आणि वेटर बाहेर आणखी तीन ठिकाणी वांगी विकून येतो. पासजवळ एक फळा टांगला, संपलेला पदार्थ त्यावर लिहायचा आणि ऑर्डर घ्यायला निघताना त्यावर नजर टाकायची, एवढं अंगवळणी पडलं की हा घोळ जवळजवळ नाहीसा होतो.

शिकवण्याच्या रीतीबद्दलही थोडं सांगायला हवं. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे सगळ्यांना खुर्च्यांवर बसवून मॅनेजरने तासभर बोलायचं, असा समज आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत कोऱ्या माणसांचे लोंढे आले, त्यांना झटपट तयार करायची निकड होती. तेव्हा, १९४० ते १९४५ या काळात, ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाच्या सरकारी उपक्रमाने काम शिकवण्याच्या चार पायऱ्या घालून दिल्या. आधी शिकणाऱ्याची भीती घालवा आणि त्याला काय येतं ते विचारा. मग काम करून दाखवा, त्यातले कळीचे मुद्दे आणि त्यामागचं कारण सांगा. मग त्याच्याकडून करून घ्या, आणि करता करता त्याला ते तोंडाने समजावून सांगायला लावा. शेवटी त्याला एकट्याला सोडा, पण अडला तर कुणाला विचारायचं ते ठरवून द्या आणि अधूनमधून बघत राहा. युद्धानंतर ही रीत जपानी कारखान्यांनी उचलली. हॉटेलात ती जशीच्या तशी चालते. तिसरी पायरी सगळ्यात मोलाची. पोरगा जेव्हा ‘गरम वाटीखाली बशी ठेवायची, कारण नाहीतर घेणाऱ्याचं बोट भाजेल’ असं आपल्या तोंडाने म्हणतो, तेव्हा ते त्याचं होतं.

या मुलांना काय येतं हे विचारायचं, असं म्हटलं ते मुद्दाम. हॉटेलविद्या शिकवणारी संस्था आपल्याकडे जुनी आहे. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने १९५४ साली मुंबईत तिची सुरुवात झाली, पुढे ती दादरला गेली. पण तिथून आणि तशा इतर संस्थांतून बाहेर पडणारी मुलं बहुतेक तारांकित हॉटेलांकडे, जहाजांकडे वळतात. साठ खुर्च्यांच्या हॉटेलात येतो तो मराठवाड्यातला, ओडिशातला, झारखंडातला, उत्तराखंडातला किंवा नेपाळमधला मुलगा. त्याने थालीपीठ कधी खाल्लेलं नसतं. सोलकढी म्हणजे काय ते त्याला माहीत नसतं. त्याला मेनू पाठ करायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला जेवायला वाढा. मेनूवरचा प्रत्येक पदार्थ प्रत्येकाने चाखला पाहिजे, भांडी घासणाऱ्यानेसुद्धा. आणि चाखताना आचाऱ्याने समोर उभं राहून सांगावं, यात काय घातलंय, तिखट किती, किती वेळ लागतो.

चाखण्याचं महत्त्व नुसतं चवीपुरतं नाही. मराठी जेवणात शेंगदाण्याचं कूट कुठे कुठे असतं ते आठवून पाहा. साबुदाण्याच्या खिचडीत ते दिसतं. पण काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्याच्या मसाल्यात, पालकाच्या पातळ भाजीत ते असतं आणि पाहुण्याला दिसत नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी काही माणसांच्या जिवावर बेतू शकते. ‘यात शेंगदाणे आहेत का?’ या प्रश्नाला ‘बहुतेक नाही’ हे उत्तर चालत नाही. वेटरला ठाऊक असेल तर त्याने सांगावं, नसेल तर आत जाऊन विचारून यावं, आणि विचारून येण्यात कमीपणा नाही हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं पाहिजे. तसंच जैन जेवणाचं. कांदा-लसूण वगळला की झालं असं समजून बटाट्याची भाजी वाढली जाते, तर कंदमूळही चालत नाही. एकादशीला उपवासाची थाळी मागणाऱ्याला हळद, मोहरी चालते की नाही, हे घराघरात वेगळं असतं. तिथे वेटरने आपला अंदाज बाजूला ठेवून पाहुण्यालाच विचारावं.

आता स्वच्छतेकडे. कायद्याच्या गोष्टी मालकाला सल्लागार सांगतोच. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ मधला आहे, त्याखालच्या नियमांप्रमाणे अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडसारख्या आजारांची लस लागते, आणि दर पंचवीस कामगारांमागे निदान एक प्रशिक्षित अन्न सुरक्षा पर्यवेक्षक असायला हवा. हे कागद फाइलला लागतात. पण पोरांना कारण सांगितल्याशिवाय नियम टिकत नाही. थंड अन्न ५ अंश सेल्सिअसच्या खाली आणि गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवायचं, कारण मधल्या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात. इथे भाताचं उदाहरण द्यावं, कारण भाताला कुणी धोकादायक मानत नाही. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्याने मरत नाहीत. दुपारचा भात पातेल्यात तसाच कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारं ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणजे ‘रात्री फोडणी देऊ, गरम होईलच’ हा हिशोब चुकीचा. उरलेला भात उथळ ताटात पसरून लवकर गार करून फ्रिजमध्ये जायला हवा. हे एकदा नीट समजावलं, की पोरगा स्वतःहून पातेलं उपसायला धावतो, असा अनुभव आहे. हात धुण्याचंही तसंच. संडासाहून आल्यावर धुतात, मोबाइल हाताळल्यावर धुत नाहीत. त्यामुळे भटारखान्यात मोबाइल आणायचाच नाही, हा नियम मालकालाही लागू हवा.

भांडी घासण्याच्या विभागाला प्रशिक्षणाला बोलावलंच जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तिथल्या मावशी आणि मुलं परस्पर नेमली जातात, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी येतात. मग रात्री नऊला, गर्दी ऐन भरात असताना, आत भाजी तयार असते आणि ताटं नसतात. उष्टी ताटं कुठे ठेवायची, वाट्या वेगळ्या काढून आणायच्या की ताटातच, खरकटं कुणी झाडायचं, हे वेटर आणि भांडीवाल्यांनी मिळून ठरवायचं असतं. वेटरने खरकट्यासकट ताटांची चळत टाकून पळ काढला, की धुणाऱ्याचे दुप्पट कष्ट होतात आणि ताट परत यायला दुप्पट वेळ लागतो. हाही एक सांधाच आहे, आणि हॉटेल बंद पाडायची ताकद त्याच्यात आहे.

आगीबद्दल सविस्तर बोलायला हवं. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारातल्या रेस्टॉरंटमध्ये आग लागली आणि १४ माणसं गेली. वाट न सापडल्याने अनेकांनी स्वच्छतागृहाचा आसरा घेतला आणि धुराने गुदमरून त्यांचा जीव गेला. पाहुण्याला इमारत माहीत नसते. अशा वेळी तो वेटरकडे बघतो. म्हणून प्रत्येक वेटरने बाहेर पडण्याच्या सगळ्या वाटा डोळे झाकून चालता येतील इतक्या पाठ करायच्या, आणि त्या वाटेत पोती, खोकी, जादा खुर्च्या रचू द्यायच्या नाहीत. आत काम करणाऱ्या प्रत्येकाने गॅसचा मुख्य कॉक एकदा तरी स्वतःच्या हाताने बंद करून पाहावा. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, म्हणून वास आला की बटणं चालू-बंद करायची नाहीत, आधी कॉक आणि मग दारं-खिडक्या. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी मुळीच टाकायचं नाही. पाणी तेलाच्या खाली जातं, क्षणात त्याची वाफ होते, वाफेचं आकारमान पाण्याच्या जवळपास १,७०० पट असतं, आणि ती जळतं तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करायचा, झाकण सरकवायचं, कढई हलवायची नाही. हे भिंतीवर लिहून भागत नाही. थंड कढई आणि झाकण घेऊन सगळ्यांकडून करून घ्यायला हवं.

बिलाच्या बाबतीत एकच गोष्ट. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की सेवा शुल्क बिलात आपोआप लावता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. पाहुण्यांना हे माहीत असतं. गल्ल्यावरच्या माणसालाही माहीत असलं पाहिजे.

हे सगळं झालं, की खोटी जेवणं सुरू करायची. धंद्यात याला ट्रायल म्हणतात. पहिली ट्रायल घरातल्या घरात. निम्म्या वेटरांनी पाहुणे म्हणून बसायचं आणि आचाऱ्यांनी वाढायचं, मग उलट. भरलेलं ताट हातात घेऊन सहा टेबलं ओलांडताना आचाऱ्याला कळतं की रस्सा वाटीच्या काठापर्यंत भरायचा नसतो. पाहुण्याच्या खुर्चीवर बसलेल्या वेटरला कळतं की पाण्याची वाट बघताना पाच मिनिटं किती लांब असतात. त्यानंतर नातेवाईक आणि मित्र बोलवायचे. इथे मालकाने मन घट्ट करावं, कारण नातेवाईक कौतुक करून जातात आणि कौतुकाचा उपयोग नसतो. त्यांच्या हातात कागद द्यावा आणि वेळा लिहून घ्याव्यात. बसलो कधी, पाणी कधी आलं, पहिला पदार्थ कधी, बिल मागितलं कधी आणि मिळालं कधी. काहींना आधीच सांगून ठेवावं की ऑर्डर दिल्यावर बदला, लहान मुलाला सोबत आणा, बिल तीन जणांत वाटून मागा. सगळ्यांना एकाच वेळी, आठ वाजता, बसवावं. दहा-दहा मिनिटांनी टेबलं भरली तर सगळं सुरळीत चालतं आणि काहीच शिकायला मिळत नाही. एका ट्रायलला प्रिंटर मुद्दाम बंद करावा, म्हणजे हाताने चिठ्ठ्या लिहायची वेळ आली तर काय करायचं ते कळेल.

या दिवसांचा पूर्ण पगार द्यायचा का, असं मालक विचारतात. द्यायचा, पहिल्या दिवसापासून, आणि दोन वेळचं जेवणही. राहायची खोली आधी तयार हवी. बिनपगारी प्रशिक्षण घेणारा मुलगा चांगली नोकरी मिळाली की आठव्या दिवशी जातो, आणि त्याच्यावर घातलेली मेहनत त्याच्याबरोबर जाते. तरीही काही जण गळतातच, म्हणून गरजेपेक्षा दोन-तीन माणसं जास्त घेऊन सुरुवात करावी.

एवढं सगळं मालकाला पटतं, आणि तरी ते घडत नाही. त्याचं कारण मुहूर्त. दसरा किंवा पाडवा ठरलेला असतो, पत्रिका वाटलेल्या असतात. सुताराचं काम लांबतं, गॅसची जोडणी लांबते, परवाना लांबतो, आणि तारीख हलवता येत नसल्याने जे हलवता येतं ते आखडलं जातं. तीन आठवड्यांचं प्रशिक्षण तीन दिवसांवर येतं, तेही फरशीवर सिमेंटची धूळ असताना. यावर साधा मार्ग आहे आणि काही मालकांनी तो स्वीकारलाही आहे. मुहूर्तावर पूजा करायची, आप्तेष्टांना प्रसाद द्यायचा, पण पाटी उलटायची ती आठ-दहा दिवसांनी. मधले दिवस ट्रायलचे. त्यानंतरही पहिला आठवडा निम्मीच टेबलं लावायची, मेनू अर्ध्यावर ठेवायचा आणि घरपोच ऑर्डरी देणारी अ‍ॅप बंद ठेवायची, कारण समोर बसलेला पाहुणा आणि पार्सलची थैली यांची एकाच शेगडीवर ओढाताण सुरू झाली की नवा भटारखाना आधी कोलमडतो. रोज दुकान उघडण्यापूर्वी पंधरा मिनिटं सगळ्यांनी, भांडी घासणाऱ्या मावशींसकट, एकत्र उभं राहायचं. काल कुठे अडलं ते ज्याचं अडलं त्याने सांगायचं, आज काय संपत आलंय ते आचाऱ्याने सांगायचं, आणि पासवर आज कोण उभा राहणार त्याचं नाव घ्यायचं.